जनावरांना पीठ नको, भरडा द्या

नाशिक जिल्ह्यात येवले, निफाड, मालेगाव या तालुक्यांत खरिपाचा मका घरी आला की त्याचा काही भाग गाई-बैलांच्या वाट्यास येतो, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु तो कोणत्या रूपाने द्यावा याचा विचार फारसा होत नाही. कोणी अख्खा दाणाच पाटीत ओततो, तर कोणी घरच्या दळणाबरोबर त्याचे बारीक पीठ करून आणतो. आमच्या मते दोन्ही रीती सदोष आहेत, आणि दुसरी तर धोक्याचीही आहे.

मक्यातील पिष्टमय भाग कठीण सालीच्या आत असतो. साल फुटल्यावाचून कोटीपोटातील सूक्ष्म जीवांना तेथवर पोचता येत नाही. चावण्यातून सुटलेला दाणा शेणावाटे तसाच बाहेर पडतो. उकिरड्यावर कोंबड्या काय वेचतात हे ज्याने पाहिले आहे, त्यास अधिक सांगावयास नको. ज्वारी-बाजरीचा दाणा लहान, त्यामुळे तो अधिकच निसटतो. शेळ्या-मेंढ्या मात्र दाणा नीट चावतात. त्यांच्यासाठी भरडण्याचा खर्च करू नये.

बारीक पीठ कोटीपोटात झपाट्याने आंबते. आम्ल साठते, रवंथ मंदावते, जनावर वैरण टाकते, शेण पातळ होते. प्रसंगी जनावर दगावतेही. लग्नातील उरलेला भात पाटीभर घातल्यावर जे घडते, त्याचे कारण हेच. इगतपुरीकडील डांगी बैलास गवत-पेंढ्याची सवय असते. चिखलणीच्या दिवसांत त्यास एकदम धान्य सुरू न करता, दहा-पंधरा दिवसांत थोडे थोडे वाढवीत न्यावे, आणि आधी वैरण घालावी.

अमेरिकेत मांसासाठी पोसलेल्या जनावरांना मका वाफवून व रुळांखाली चपटा करून देतात. वाफेने पिष्ट फुलते व अधिक पचते. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. येथे प्रश्न दुधाचा आणि औताचा. दोन-चार जनावरांसाठी तसली यंत्रे परवडणार नाहीत, व त्यांची गरजही नाही. गिरणीवाल्यास ‘भरड काढा’ एवढे सांगावे. दाण्याचे चार-सहा तुकडे व्हावेत, पीठ होऊ नये. भरडा लवकर बुरसतो, म्हणून पंधरवड्यापुरताच काढावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गोठ्यास भेट देताना थोडे शेण चाळणीत घेऊन पाण्याने धुवावे, व चाळणीत उरलेले दाणे मालकासच मोजावयास लावावेत.