मुक्या रोग्याची शुश्रूषा

वैश्वदेवाच्या बलिहरणात श्वानाचा वाटा आपल्या पूर्वजांनी निराळा काढून ठेविला आहे. आणि इंद्राचा रथ समोर उभा असताही युधिष्ठिराने सोबतच्या कुत्र्यास टाकून जाण्याचे नाकारले, ही महाप्रस्थानिक पर्वातील कथा आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक आहे. तथापि पूर्वी हा प्राणी ओसरीच्या खालीच राही. आता तो दिवाणखान्यात निजतो. घरच्या माणसाप्रमाणे राहू लागला, तेव्हा घरच्या माणसाप्रमाणे तो आजारीही पडणार. परंतु पोटात काय होते हे सांगावयास त्यास वाचा नाही. म्हणून कुत्र्याच्या पोटाच्या एका भयंकर विकाराविषयी, आणि त्यातून त्यास उठविण्यासाठी घरच्यांनी काय करावे याविषयी, या महिन्यात लिहावयाचे योजिले आहे.

या विकारास ‘पार्वो’ म्हणतात. लॅटिन भाषेत ह्या शब्दाच्या मूळ रूपाचा अर्थ ‘लहान’ असा आहे. विषाणू अतिसूक्ष्म, म्हणून हे नाव. 1978 साली तो प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांस त्याची बाधा विशेष होते. आतड्याचे आतील अस्तर निरोगी स्थितीत काही दिवसांतच झडून पुन्हा नवे येत असते. हा विषाणू नवे अस्तर निर्माण करणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. जुने झडते, नवे येत नाही. आतडे उघडे पडते. अस्थिमज्जेवरही आघात होऊन रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि पोटातील जंतूंस रक्तात शिरावयास वाट मोकळी होते. पिल्लू प्रथम मलूल होते, अन्नास तोंड लावीत नाही. मग वांत्या सुरू होतात, आणि पाठोपाठ रक्तमिश्रित, अत्यंत दुर्गंधी जुलाब.

येथे मुख्य गोष्ट ध्यानात धरावयाची ती ही की, पुष्कळदा जीव जातो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडावी; ती लगेच पूर्ववत न बसता तशीच उभी राहिली, हिरड्या कोरड्या व चिकट लागल्या, तर पाणी फार आटले असे समजावे. परंतु ही लक्षणे दिसेपर्यंत वाट पाहणे हेच मुळी घातक होय. पिल्लास दोनतीन वांत्या झाल्या आणि ते निपचित पडले, की त्याच दिवशी पशुवैद्याचे दार गाठावे. विषाणूस मारणारे सर्वमान्य औषध अद्याप हाती नाही. शिरेतून सलाइन, वांती थांबविण्याचे औषध आणि जंतुनाशके यांच्या आधाराने शरीरास तगवून धरावयाचे, म्हणजे ते स्वतःच विषाणूवर मात करते. उपचारावाचून बहुतेक पिल्ले दगावतात. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक वाचतात. एवढे अंतर केवळ एकदोन दिवसांच्या तत्परतेने पडते.

आमच्या शेजारच्या एका कुटुंबात मागील पावसाळ्यात अडीच महिन्यांचे पिल्लू असेच आजारी पडले. घरातील वडील माणसांचे मत पडले की लंघनासारखे औषध नाही. एक दिवस उपाशी ठेवा, आपोआप बरे होईल. तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, माणूस उपास करतो तो पाणी पिऊन. ह्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही, मग ह्याने कशाच्या जोरावर उपास करावा?” सासरे क्षणभर थांबले आणि म्हणाले, “खरे बोललीस. रिक्षा बोलाव.” चार दिवस सलाइन चालले. पाचव्या दिवशी पिल्लाने मान उचलून वाटीतील पाणी स्वतः चाटले. त्याच वेताचे दुसरे पिल्लू गल्लीच्या टोकाला एका घरी होते. तेही त्याच आठवड्यात आजारी पडले. त्यास तिसऱ्या दिवशी नेले, आणि ते वाचले नाही. त्या घरचा मुलगा कित्येक दिवस रिकामी वाटी उचलू देत नव्हता.

लंघनाविषयी आणखी एक सांगणे अवश्य आहे. वांती पुरती थांबेपर्यंत अन्न देऊ नये, असे पशुवैद्यही पूर्वी सांगत. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, तीस कुत्र्यांवरील एका अभ्यासात असे दिसून आले की, पहिल्या दिवसापासून नळीने थोडे थोडे अन्न दिलेली पिल्ले उपाशी ठेविलेल्यांपेक्षा लवकर सुधारली. आतड्याच्या पेशींस पोषण आतून मिळावे लागते, हे त्याचे कारण. अर्थात केव्हा आणि किती द्यावे हे वैद्याने ठरवावे. घरच्यांनी जबरदस्तीने तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

पिल्लू घरी आले म्हणजे मायेस आवर घालण्याची वेळ येते. भूक लागली हे पाहून आजी दुधाची वाटी पुढे करिते; परंतु झडलेल्या आतड्यास दुधातील शर्करा पचत नाही, जुलाब पुन्हा उसळतात. शोधनानंतर पेया, विलेपी, यूष अशा पायऱ्यांनी आहार वाढवावा, असे चरकसंहितेत सांगितले आहे. तोच क्रम येथेही सोईचा पडतो: प्रथम चमचा-दोन चमचे पातळ पेज, दिवसातून सहासात वेळा, ती ठरली म्हणजे मऊ भात व ताजा, बिनमिठाचा छेना, मग हळूहळू नेहमीचे अन्न. आमिष न शिजविणाऱ्या घरांनी संकोच न करता वैद्यास विचारून तयार पथ्याहार आणावा. तूप, तळलेले पदार्थ, कांदा, लसूण आणि मनुका यांपासून त्यास दूर ठेवावे. मनुका तर निरोगी कुत्र्याच्याही मूत्रपिंडास घातक ठरू शकतात. आपल्या तापाच्या वा जुलाबाच्या गोळ्या त्यास कदापि देऊ नयेत.

प्रत्येक वांती पार्वोचीच असते असे मात्र नव्हे. आंब्याच्या दिवसांत कोय, किंवा मक्याच्या कणसाचा बुरखुंडा गिळल्याने आतडे बंद पडते. तेथे पेज कामाची नाही, शस्त्रक्रियाच लागते. निदान वैद्याचे, शुश्रूषा आपली, हा विभाग कधी विसरू नये.

हा रोग माणसास होत नाही; परंतु विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि पायतणांतून दुसऱ्या घरी जातो. साध्या फिनाइलचा त्यावर भरवसा नाही. घाण प्रथम धुऊन काढून, एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून फरशीवर दहा मिनिटे राहू द्यावे. लस न टोचलेले पिल्लू त्या घरात आणू नये.

लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून, तीनचार आठवड्यांच्या अंतराने, निदान सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत द्यावी. पुढे वर्षाने पुन्हा. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती प्रत्येक पिल्लात निरनिराळ्या वेळी ओसरते, आणि ती असेपर्यंत लस लागू पडत नाही. म्हणून एका टोचणीवर विसंबता येत नाही. ज्या घरी नवे पिल्लू आले असेल, त्यांनी त्याच्या लशींच्या तारखा आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. ज्यास आपण घरात घेतले, त्याच्या वाट्यास अन्नाबरोबर एवढी काळजीही आली पाहिजे.