पिकॅडिल

लंडन शहरांतील पिकॅडिली या रस्त्याचें नांव आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेलें असतें. परंतु तें एका गळपट्टीवरून पडलें असें सांगितलें म्हणजे वर्गांत हशा पिकतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस व पुढील शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील श्रीमंत स्त्रीपुरुष गळ्याभोंवतीं रुंद, ताठ व कांठास कातरकाम केलेली गळपट्टी घालीत. तिला 'पिकॅडिल' म्हणत. हा शब्द बहुधा स्पॅनिश भाषेंतून आला. तींत 'पिकादो' म्हणजे टोंचलेलें अथवा चिरलेलें. (त्याच कुळांतील 'पिकादियो' हा शब्द तिकडे खिम्यासही लावितात, हें वाचून कांहीं विद्यार्थ्यांच्या तोंडास पाणी सुटेल!)

रॉबर्ट बेकर नांवाचा शिंपी अशा गळपट्ट्या विकून धनाढ्य झाला. सुमारें १६१२ सालीं त्यानें लंडनच्या पश्चिमेस, त्या काळीं मोकळ्या असलेल्या जागेंत, मोठें घर बांधिलें. लोक त्यास 'पिकॅडिली हॉल' म्हणूं लागले. त्यांत थोडी थट्टाही असावी. थॉमस ब्लाउंट यानें १६५६ सालच्या आपल्या कोशांत एका शिंप्याच्या संपत्तीचा उल्लेख केला आहेच, पण आणखीही एक तर्क दिला आहे: पिकॅडिल म्हणजे वस्त्राचा कांठ, आणि हें घर वस्तीच्या अगदीं कांठावर होतें, म्हणून तें नांव. तर्क मोठा सुंदर खरा. तथापि आम्हांस शिंप्याचाच पक्ष अधिक पटतो, कारण घराचा धनी खरोखरच शिंपी होता.

हें आम्ही मुद्दाम लिहीत आहों. वडील कपडे शिवतात हें सांगतांना मान खालीं घालणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत, आणि प्रवेशपत्रावर 'शिंपी' याऐवजीं 'व्यापारी' लिहावें असें हळूच सुचविणारे पालकही. आमच्या मतें ही लाज सर्वथा अस्थानीं आहे. ज्या इंग्रजी भाषेपुढें आपण दबून जातों, तिचे कितीतरी शब्द कात्री, सुई व हातोडा यांच्याच सान्निध्यांत जन्मले आहेत.

राजा दुसरा चार्ल्स याची राणी कॅथरीन ही पोर्तुगालची राजकन्या. हिच्याच विवाहाच्या तहानें १६६१ सालीं आपली मुंबई इंग्रजांस आंदण मिळाली. तिच्या सन्मानार्थ या रस्त्यास 'पोर्तुगाल स्ट्रीट' असें नांव देण्यांत आलें. तें कांहीं काळ दप्तरांत राहिलें. लोक मात्र पिकॅडिलीच म्हणत राहिले, आणि आजही म्हणतात.