हरळी, हिरवळ आणि दोन ऑक्टोबर

आपल्या महाविद्यालयाच्या फाटकातून आत शिरले की उजव्या हाताला हिरवळ लागते. तिच्या कडेला पाटी आहे : 'हिरवळीवर चालू नये.' पहिल्या वर्षी प्रवेशाच्या दिवशी मी ती पाटी वाचली, पलीकडे पाहिले आणि मला हसू आवरेना. तारेच्या कुंपणात जपून ठेवलेली ती चक्क हरळी होती! जिच्या काशा वेचता वेचता माझ्या आई-वडिलांचा उन्हाळा सरतो, नांगरटीनंतर जिचे ढीग आम्ही बांधावर वाळवतो आणि पेटवून देतो, तीच ही. १९७७ साली होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत त्रासदायक तणांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा आहे. आणि हीच हरळी दूर्वा होऊन गणपतीच्या मस्तकावर चढते!

तेव्हा तण ही काही वनस्पतीची जात नव्हे. नको त्या जागी उगवते ते तण. हरळी शेतात नको, हिरवळीत हवी. आणि हवी असेल तर तिची मशागतही शेताइतक्याच मनापासून झाली पाहिजे. ती होत नाही, अशी माझी तक्रार आहे.

आपल्या ग्रंथालयातील बागकामाची इंग्रजी पुस्तके वसंताच्या आरंभी हिरवळीकडे लक्ष द्या असे सांगतात. तिकडे बर्फ वितळते, जमीन ओली असते आणि तिच्यात ऊब येताच तणाचे बी रुजू लागते. म्हणून ते रुजण्यापूर्वीच बंदोबस्त करायचा. आपला वसंत कोरडा. आपल्याकडे तणाची मोठी लाट येते ती मृगाच्या पावसाबरोबर. तरीही फाल्गुनाचे महत्त्व कमी होत नाही. थंडीत मंदावलेली हरळी याच सुमारास पुन्हा फुटू लागते. या वेळी वाळलेले गवत दाताळ्याने ओढून काढावे, घट्ट झालेली माती टोचून मोकळी करावी, वर चाळलेले खत व रेती पसरावी. खत मात्र पूर्ण कुजलेले हवे; अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तणाचे बीच आपण हाताने पेरतो, हे कोणताही शेतकरी सांगेल. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, पण मुळांपर्यंत पोचेल असे द्यावे. गवत फार खाली कापू नये. हरळी दाट झाली की तिच्या सावलीत तणाच्या बियांना उजेडच मिळत नाही. तण रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय हाच.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? तणनाशक फवारले की झाले. परंतु उभे तण मेले म्हणून मातीतले बी मरत नाही. आणि सरसकट सारे मारणाऱ्या औषधाने हरळीही जळते. मग उघड्या पडलेल्या जमिनीवर पहिला हक्क सांगते ते गाजरगवत.

या गाजरगवताची नोंद भारतात प्रथम १९५५ साली आपल्या पुण्यातच झाली. त्याच्या एकेका झाडाला हजारो बिया येतात. अंगाला लागले तर खाज सुटते, कातडी लाल होते. परागांमुळे कित्येकांना दमा होतो. १९८४ मध्ये मेक्सिकोतील एक भुंगा त्याच्यावर सोडण्यात आला. तो पाने फस्त करतो खरा, पण पावसाळ्यात. कोरड्या दिवसांत तो मातीत दडून बसतो. फाल्गुनात आपले हातच उपयोगी.

आणि आपले हात केव्हा चालतात? दोन ऑक्टोबरला! गेल्या वर्षी त्या दिवशी आम्ही साठ-सत्तर विद्यार्थ्यांनी मैदानावरचे गाजरगवत उपटले. ते पांढऱ्या फुलांनी भरले होते, बी पिकले होते. हातात मोजे नव्हते. आम्ही ते झटकत, फरफटत नेले आणि नळाजवळच्या कोपऱ्यात ढीग घातला. छायाचित्र निघाले, चहा झाला. दोघा-तिघांचे हात आठवडाभर खाजत होते. आज त्या कोपऱ्यात गळक्या नळाच्या ओलीवर गाजरगवताची रोपे दाटून उगवली आहेत. ती आम्हीच पेरली. मीही त्यात होतो, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे.

आमच्या हिरवळीवर अधूनमधून रोजंदारीच्या बाया खुरपायला येतात. एकदा मी लव्हाळा उपटू लागलो, तर त्यांतली एक म्हणाली, "वरनं शेंडा खुडून काय व्हतंय पोरा? गाठ ऱ्हाती खाली." माझी आईही दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. हे ज्ञान तिलाही आहे. तिला कोणी पदवी दिलेली नाही, एवढेच. 'तण खाई धन' ही म्हण आपण परीक्षेत अर्थासह लिहितो, पण त्या म्हणीमागचे हात फाटकाबाहेरच राहतात.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, हिरवळ निम्मी करा. फाल्गुन-चैत्रात गावच्या विहिरी तळ गाठतात, तेव्हा शोभेसाठी एवढे पाणी ओतणे बरे दिसत नाही. उरलेल्या जागेत कडुनिंब, करंज लावा. सावलीत मुले बसतील. दोन, तणाचे श्रमदान फाल्गुनात एकदा आणि पहिल्या पावसानंतर महिन्याभरात एकदा करा. फूल येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून, मुळासकट. फुलापूर्वी उपटलेल्या गाजरगवताचे खतही होते. तीन, त्या दिवशी त्या खुरपणाऱ्या बायांना आपल्यापुढे उभे करा आणि आपण त्यांच्याकडून शिकू या. त्यांची त्या दिवसाची मजुरी मात्र बुडू नये.

दोन ऑक्टोबरला हवे तर सूत काता. पण नळाजवळची रोपे आज वीतभर आहेत, फुले अजून नाहीत. अंक हाती पडेपर्यंत थांबलो तर उशीर होईल. मी उद्या सकाळी तास सुरू होण्यापूर्वी जाणार आहे.