तारप्याला मास्तर हवा

२०२६च्या पद्मश्रींच्या यादीत संगमनेरचे तमाशा कलावंत रघुवीर खेडकर होते, याचा आपल्या नगर जिल्ह्याला आनंद झाला आणि तो रास्तच होता. त्याच यादीत पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हेही होते. नव्वदीला पोचलेले हे आदिवासी कलावंत पोरवयापासून तारपा वाजवतात, वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पाने वापरून तो स्वतः घडवतात आणि पुढच्यांना शिकवतातही. वारली चित्रात नाचणाऱ्यांच्या वेटोळ्याच्या मध्यभागी वाकून वाजवणारा जो माणूस दिसतो, त्याच्या हातातले वाद्य हेच. गौरव उशिरा का होईना झाला. मात्र वादकाचा सत्कार झाला की वाद्याची चिंता मिटली, असे आपण धरून चालतो आणि तिथेच आपली गफलत होते. वाद्य पुढच्या पिढीत जाते ते नेमून दिलेल्या, पगारी शिक्षकामुळे. पुरस्कार फार तर त्या शिक्षकाचे नाव आपल्याला कळवतो.

याचा दाखला दूरचा असला तरी चपखल आहे. स्कॉटलंडचा बॅगपाइप आणि तारपा ही नात्यातली वाद्ये. दोन्हींत हवा आधी एका पोकळीत भरते आणि मग जिभाळीच्या नळ्यांतून वाजते. तिकडे ती पोकळी पिशवीची, इकडे भोपळ्याची. म्हणून दोन्हींचा सूर मध्ये तुटत नाही, फक्त तारपावाल्याला त्यासाठी स्वतःचा दम अखंड फिरता ठेवावा लागतो. एके काळी स्काय बेटावरचे मॅक्रिमन घराणे आपल्याकडच्या इनामदार वाजंत्र्यांसारखे जमीन कसत सरदारासाठी वाजवी आणि शिष्य घडवी. अठराव्या शतकात सरदारांचा आश्रय आटला आणि ती शाळा मोडली. तरीही वाद्य राहिले, कारण शिकवण्याची जबाबदारी दुसऱ्यांनी उचलली. १७८१मध्ये फॉल्कर्कला स्पर्धा सुरू झाल्या, पलटणींनी पाइपर नेमले आणि पुढे एडिंबरोच्या किल्ल्यात लष्कराने पाइपचा वर्गच चालवला. त्या वर्गावर पहिल्या महायुद्धानंतर विली रॉस (१८७८–१९६६) यांनी जवळजवळ चार दशके शिकवले. ते उत्तम वादक होतेच, पण त्यांचे खरे कर्तृत्व त्यांच्या हाताखालून गेलेल्या पलटणी-पलटणींच्या पाइप मेजरांत मोजावे लागते. १९४४मध्ये ग्लासगोत नागरिकांसाठी कॉलेज ऑफ पायपिंग निघाले, तर पुढे पाइपवादनात पदवीही मिळू लागली.

हेच वाद्य इंग्रजी पलटणींबरोबर आपल्याकडे आले आणि इंग्रज गेल्यावरही राहिले. लष्कराची छावणी असलेल्या नगरकरांना पलटणीच्या बँडचे अप्रूप सांगायला नको. स्वतंत्र भारताच्या सैन्याने १९५०मध्ये पचमढीला लष्करी संगीताची शाळा काढली आणि बॅगपाइपचे शिक्षण सरकारी खर्चाने चालू ठेवले. त्यात गैर काहीच नाही. पण परमुलखातल्या वाद्याला इथे शाळा, हुद्दा आणि पेन्शन मिळते, तर सह्याद्रीतल्या वाद्याच्या वाट्याला म्हाताऱ्या वादकाच्या गळ्यातला हार येतो. हा फरक वाद्यांच्या योग्यतेचा नव्हे, व्यवस्थेचा आहे.

तारप्यालाही शाळेत पगारी शिक्षक द्यावा, असे म्हटले की येणारा पहिला आक्षेप वजनदार आहे. तारपा हा सुगीचा, देवाचा, गावाच्या फेराचा. त्याला वर्गात कोंडले तर सांगाडा उरेल. स्कॉटलंडमध्येही हे काही प्रमाणात घडले. स्पर्धा आणि छापील स्वरलिपी आल्यावर चालींना एकसारखेपणा आला आणि घराण्या-घराण्यांच्या काही लकबी पुसल्या. हा तोटा मान्य केलाच पाहिजे. परंतु वर्ग नसता तर त्या लकबी वाचल्या असत्या, असे मात्र निघत नाही, कारण त्यांना जपणारा आश्रय आधीच संपला होता. आपल्याकडेही सुगीनंतर तरुण गावात थांबण्याऐवजी कामासाठी बाहेर पडतो आणि मुले वर्षाचा मोठा भाग निवासी आश्रमशाळेत काढतात. मूल जिथे राहते तिथेच शिकवणारा जायला हवा. फेर गावचा गावात राहू द्यावा; दम कसा फिरवायचा आणि भोपळा कसा निवडायचा, एवढे शाळेत शिकता येते.

दुसरा आक्षेप कागदाचा: ज्याच्याकडे पदवी नाही त्याला शिक्षक कसे नेमणार? रॉस यांना सुरुवातीचे धडे त्यांच्या आईकडून मिळाले होते. लष्कराने त्यांची पात्रता वाजवण्यावरून ठरवली, आणि वाद्याच्या बाबतीत दुसरी कसोटी असूही नये. मानधनावर, ठरावीक मुदतीसाठी, जाणत्या वादकांच्या समितीने निवड केली तर नियमांचा बाऊ करण्याचे कारण राहत नाही. तिसरा आक्षेप पैशाचा. पण इथे नवी इमारत किंवा भव्य केंद्र मागितलेले नाही. शाळा आहेत, मुले आहेत, उणीव आहे ती मास्तराची.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करता येईल. अकोले तालुक्यात राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. मात्र या तालुक्यात तारप्याचाच हट्ट कशाला? इथल्या वाड्यांत कांबडनाच आहे, बोहाडा आहे, त्यांची स्वतःची वाद्ये आहेत. प्रकल्पाने जाणत्या वादकांची यादी करावी, काही आश्रमशाळांत त्यांना वर्षभराचे मानधन देऊन नेमावे, आणि वर्षअखेरीस किती मुले स्वतः वाजवू शकतात एवढेच तपासावे. पुढच्या पद्मश्रीची वाट पाहण्यापेक्षा हे काम स्वस्त आहे आणि पुढच्या जूनमध्ये शाळा उघडताच सुरू करता येण्याजोगे आहे.