भाषण आपले आपणच लिहू



सतरंजीवर शेतकरी आणि माइकवर मात्र दुसराच कोणी, हे चित्र आपल्याला नवे नाही. धडगावच्या बाजारात व्यापाऱ्याने भाव पाडला की जो माणूस तासभर तावातावाने बोलतो, तोच सभेत नाव पुकारले की "साहेब सांगतील तसं" म्हणून खाली बसतो. त्याला बोलता येत नाही थोडेच? भाषण म्हणजे पुस्तकी मराठी, असे त्याच्या मनात भरवले गेले आहे. पावरी-भिलोरी बोलणाऱ्यावर तर दुहेरी अन्याय. परक्या बोलीत बोलायला लावायचे आणि अडखळला की अडाणी ठरवायचे!

जोतिराव फुल्यांनी हे दुखणे केव्हाच ओळखले होते. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्याचे भाग ते पुण्या-मुंबईत आणि खेड्यांतही वाचून दाखवीत. १८८८ साली पुण्यात इंग्लंडच्या राजपुत्राच्या सत्कारसमारंभात ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि येथे जमलेले नटलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यात जाऊन पाहा, असे तोंडावर सांगून आले.

आपल्या डोंगरातलेच उदाहरण घ्या. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा-अक्राणीतली ३३ गावे आली. १९९१ साली जागतिक बँकेने ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने खोऱ्यात फिरून लोकांचे म्हणणे ऐकले. सध्याच्या परिस्थितीत सर्वांचे पुनर्वसन शक्य नाही, बँकेने मागे सरावे, असा अहवाल तिने जून १९९२ मध्ये दिला. मार्च १९९३ मध्ये बँकेचे उरलेले कर्ज थांबले. पुढे धरण झालेच, हे खरे. पण लंगोटी नेसलेल्या माणसाचे बोलणे वॉशिंग्टनपर्यंत पोचते, हेही तितकेच खरे.

मग लिहायचे कसे? एक पान पुरे. आपल्या बोलीत सांगा, शाळेत जाणारा पोरगा किंवा पोरगी लिहून घेईल. आधी मी कोण, जमीन किती. मग हिशेब. मग मागणी, आणि तीही एकच. शेवटी ती कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत.

हिशेबावर जोर द्या. २०२४-२५ साली मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७१२१ रुपये होता. त्यासाठी सरकारने खर्च धरला ४७४७ रुपये. त्यात खिशातून गेलेला पैसा आणि घरच्यांची मजुरी आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज नाही. तुमच्या कोरडवाहू रानात बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी धरून एका क्विंटलला किती पडले? हा आकडा तुमच्या वहीत असेल तर कोणत्याही साहेबाला तो खोडता येणार नाही. वही नसेल तर तुमच्या तोंडी फक्त रडगाणे उरते, आणि रडगाण्यावर मदत मिळते, भाव मिळत नाही. ज्वारीचाही असाच हिशेब मांडा.

लिहिलेले पान आधी घरात वाचा. वेचणी बायाच करतात. आकडा चुकला तर पहिल्यांदा त्यांनाच कळेल. आणि ते पान त्यांनीच सभेत वाचले तर अधिक चांगले.

बोलून झाले की काम संपत नाही. अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने येथे ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. भूसंपादनाआधी तिचा सल्ला घ्यावा लागतो. पण जे इतिवृत्तात आले नाही, ते दप्तरी बोललेच गेले नाही. म्हणून वाचलेले पान ग्रामसेवकाच्या हाती द्या, त्याची पोच घ्या आणि ठराव लिहून झाल्यावर तो मोठ्याने वाचायला लावा. त्याआधी अंगठा नाही, सही नाही.

संघटनेचा कार्यकर्ता तुमचे भाषण लिहून देईल, ही वाट पाहू नका. आम्ही लिहिले तर ते आमचे होईल. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक माणूस आणि एक पान आणावे. पान त्या गावाचे, बोलीही त्या गावाची. मराठीत सांगायला दुभाष्या उभा करू. समजून घ्यायचे कष्ट आता ऐकणाऱ्यांनी घ्यावेत.