ऑक्सची वायर टाकू नका

गेल्या महिन्यात नवी गाडी बघायला गेलो, तेव्हा सेल्समनला पहिला प्रश्न विचारला, "ऑक्सचं भोक कुठे आहे?" मी रॉकेलच्या स्टोव्हची पिन मागितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. गाडीत ब्लूटूथ होतं, यूएसबी होतं, पण साडेतीन मिलिमीटरची साधी पिन खुपसायला जागा नव्हती. मी तसाच परत आलो. सौ.चं यावरचं मत वेगळं आहे, ते इथे देत नाही.

माझ्या हट्टाला कारण आहे. गेल्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. तिला घेऊन नायगाराला निघालो, चांगला सात तासांचा रस्ता. नाना आमच्या सांगलीकडच्या गावात भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ते गेल्यावर त्यांच्या कॅसेट मी जुन्या लॅपटॉपवर उतरवून ठेवल्या होत्या. त्या फोनवर घ्यायचं दर दिवाळीला ठरायचं आणि राहायचं. निघताना लॅपटॉपच उचलला.

ब्लूटूथने जोडायचा प्रयत्न केला, तर गाडीला हवा होता फोन. लॅपटॉप जोडला गेल्याचं दिसायचं, आवाज मात्र त्याच्याच चिमुकल्या स्पीकरमधून. यूएसबीला लावला, तर गाडीने ढुंकूनही बघितलं नाही. तिथे पेनड्राइव्ह किंवा फोन लागतो. शेवटी ड्रॉवरच्या तळातून ऑक्सची वायर निघाली. एक टोक हेडफोनच्या जागी, दुसरं गाडीत, आणि नाना सुरू.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. लॅपटॉप गाडीच्याच चार्जरला लावला होता. ॲक्सिलरेटर दाबला की मागून बारीक सूं सूं वाढायची. आई म्हणाली, "हे मागं कोण गुणगुणतंय?" चार्जर काढला, गुणगुण बंद. चार्जर आणि ऑक्सची वायर, दोन्हींकडून अर्थिंग जुळलं की इंजिनाचा आवाज असा स्पीकरमध्ये घुसतो. मग चिरंजीवांनी मागच्या सीटवर लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि नाना ऐन समेवर गप्प! झाकण मिटलं तरी झोपू नये, असं सेटिंग आधीच करून ठेवावं लागतं, हे तेव्हा कळलं.

एका भजनानंतर कपबशा वाजल्या. कुणीतरी खोकलं. नाना कुणाला तरी पेटी इकडं सरकव म्हणाले. आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "चहा मीच आणला होता त्या दिवशी. साखर संपलेली, गूळ घातलावता."

चिरंजीव म्हणतात, "बाबा, क्लाउडवर टाका ना." बरोबरच आहे, परत आल्यावर टाकलंही. पण डोंगराळ भागात रेंज गेली की क्लाउड कुठला? दर काही वर्षांनी गाडीवाले एक दार बंद करतात. अमेरिकेत कॅसेट प्लेअरसकट मिळणारी शेवटची नवी गाडी म्हणून २०१० च्या लेक्ससचं नाव घेतलं जातं. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढलं, आता गाड्यांतूनही ते जातंय. ब्लूटूथ सोयीचं आहे, मीही रोज वापरतो. पण नवं द्यायचं तर द्या, जुनं काढता कशाला? पासवर्ड नाही, पेअरिंग नाही. टेपरेकॉर्डर असो की लॅपटॉप, हेडफोनची जागा असली की वायर चालते. एफएम ट्रान्समीटर लावा, असं एकाने सुचवलं. न्यूयॉर्कच्या आसपास एक तरी मोकळी फ्रिक्वेन्सी सापडते का बघा!

तूर्त आमची २०११ चीच गाडी चालू आहे. दीड लाख मैल झालेत. सूं सूं अडवणारी छोटी डबी, ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात तिला, घेऊन ग्लव्ह बॉक्समध्ये वायरीशेजारी ठेवली आहे. आई पुढच्या मे महिन्यात येतेय. दुसऱ्या कॅसेटवर गावातल्या सप्ताहाचं भजन आहे, ते तिने अजून ऐकलेलं नाही.