वापर लोकांचा, गुपित मालकाचे?

सॉफ्टवेअरची प्रत दुसऱ्याच्या हाती दिली, की तिचा सोर्स कोडही त्याला उपलब्ध करून दिला पाहिजे, हे जीपीएल परवान्याचे बंधन आहे. परंतु टोकावड्याचा विद्यार्थी दूरच्या सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर इतर हजारोंसारखे केवळ वापरतो. प्रत त्याच्या हाती येतच नाही, आणि बंधनही लागू होत नाही. अनेकांच्या सामायिक श्रमांतून उभ्या राहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून सर्व्हरचा मालक ते गुप्त ठेवू शकतो. ही पळवाट एजीपीएलच्या २००७ च्या आवृत्तीने बुजवली: सुधारित सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स कोड मिळालाच पाहिजे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. जनतेच्या पैशातून घडणाऱ्या सॉफ्टवेअरला हाच परवाना लावावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीपासून मंत्रालयापर्यंत लावून धरली पाहिजे.